लोकांनी कचरा वेगळा केला तर नगरपालिकेचा खर्च खरंच कमी होतो का? आणि त्यात तुमचा धंदा कुठे बसतो?



सुक्या कचऱ्याच्या धंद्यावर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आम्ही घराघरांतून प्लास्टिक, पुठ्ठा, काच गोळा करणार. डेपोवर जाणारा कचरा तेवढा कमी होणार. म्हणजे नगरपालिकेचा खर्च वाचणार. मग त्यातला थोडा वाटा नगरपालिका आम्हाला देईल ना?"

प्रश्न अगदी योग्य आहे. अनेकांचा प्रोजेक्ट रिपोर्ट याच एका वाक्यावर उभा असतो, आणि बरेचदा याच वाक्यावर तो आडवाही होतो. म्हणून आज फक्त या वाक्याची तपासणी करू. व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, इथे सावकाश वाचा. कागद-पेन जवळ ठेवा.

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. खर्च वाचू शकतो, पण आपोआप वाचत नाही. आणि वाचला तरी तो लगेच कोणाच्या खिशात दिसत नाही. जो दिसत नाही, तो तुम्हाला कोणी देत नाही.

आधी बघा, कचऱ्यावर पैसा कुठे जातो

आपल्याला वाटतं, कचऱ्याचा खर्च म्हणजे डेपोचा खर्च. तसं नाही. आपल्याकडच्या शहरांचं जे ढोबळ प्रमाण नेहमी सांगितलं जातं ते असं: साधारण ६० ते ७० टक्के खर्च कचरा गोळा करण्यावर, २० ते ३० टक्के वाहतुकीवर, आणि शेवटच्या विल्हेवाटीवर ५ टक्क्यांहूनही कमी.

याचा अर्थ नीट समजून घ्या. घंटागाडी प्रत्येक गल्लीत जाणारच आहे. तुमच्या घरातून दोन किलो कचरा निघो की अर्धा किलो, गाडी दारात थांबणार, ड्रायव्हरला पगार मिळणार, डिझेल जळणार. उलट ओला-सुका वेगळा घ्यायचा तर गाडीत कप्पे करावे लागतात, गोळा करणाऱ्यांना शिकवावं लागतं, नागरिकांसाठी पत्रकं, भोंगे, पथनाट्यं करावी लागतात. म्हणजे सर्वात मोठा खर्च आहे तिथेच राहतो, कधी थोडा वाढतोही.

मग बचत कुठे होऊ शकते? वाहतुकीत आणि डेपोत. आता तेच मोजू.

कागद-पेन घ्या: एका छोट्या शहराचं गणित

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावाचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच राहील.

समजा शहराची लोकसंख्या ५०,०००. माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला १५ टन. मोठ्या गाडीत ५ टन मावतो, म्हणजे डेपोच्या रोज ३ फेऱ्या. डेपो १५ किलोमीटरवर, जाऊन-येऊन ३० किलोमीटर. गाडी लिटरला ४ किलोमीटर जाते, तर एका फेरीला साडेसात लिटर डिझेल. ९० रुपये लिटरने ६७५ रुपये. एक फेरी कायमची वाचली तर महिन्याला साधारण २०,००० रुपयांचं डिझेल वाचलं.

आता बघा काय होतं.

पहिली पायरी: एकूण कचऱ्यात विकता येण्यासारखा सुका माल १५ टक्के धरा, म्हणजे २.२५ टन. मोहीम सुरू झाली आणि ३० टक्के घरांनी साथ दिली. डेपोवर जाणारा कचरा कमी झाला जेमतेम ६७५ किलो. उरला १४.३ टन. फेऱ्या किती? तीनच. बचत शून्य.

दुसरी पायरी: मोहीम जबरदस्त यशस्वी झाली, सगळ्या शहराने सुका माल वेगळा दिला. २.२५ टन कमी झाला. उरला १२.७५ टन. फेऱ्या किती? तरीही तीनच! तिसरी गाडी अर्धी रिकामी गेली एवढंच.

तिसरी पायरी: सुक्यासोबत ओला कचराही गावातच जिरवला. ओला कचरा निम्मा, म्हणजे साडेसात टन. त्यातल्या ६० टक्क्यांचं खत किंवा बायोगॅस झाला तर ४.५ टन कमी. सुका २.२५ मिळवून ६.७५ टन कमी झाला. उरला ८.२५ टन. आता फेऱ्या दोन झाल्या. पहिल्यांदा खरी बचत दिसली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, वाहतुकीचा खर्च जिन्यासारखा उतरतो, उतारासारखा नाही. एक पायरी पूर्ण होईपर्यंत काहीच वाचत नाही. दुसरी, वजन ओल्यात आहे. फक्त बाटल्या आणि पुठ्ठे उचलून शहराचा वाहतूक खर्च खाली येईल असं गृहीत धरू नका.

एक गोष्ट मात्र सुक्याच्या बाजूने आहे. प्लास्टिक हलकं पण फुगीर असतं. काही गाड्या वजनाने भरायच्या आधीच जागेने भरतात. तुमच्या गावात तसं असेल तर सुका माल काढल्यावर फेरी लवकर वाचेल. म्हणून डेपोच्या वजनकाट्यावर दोन दिवस उभे राहा. गाडी भरलेली दिसते, पण काट्यावर ३ टनच भरते का? हे ज्याला माहीत आहे, तो अधिकाऱ्यांसमोर बोलू शकतो.

कंत्राट कसं आहे, ते विचारा

अर्धा खेळ इथे आहे. कचरा वाहतुकीचं कंत्राट ठोक रकमेवर असेल, तर कचरा निम्मा झाला तरी नगरपालिकेचं बिल तेवढंच. बचत झालीच तर कंत्राटदाराची. कंत्राट टनावर असेल, तर प्रत्येक टनामागे नगरपालिकेचा पैसा त्याच दिवसापासून वाचतो. पण तिथे कंत्राटदाराचं हित उलटं असतं. जितकं वजन जास्त, तितकं बिल जास्त. मग वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र का होतो, याचं उत्तर फार लांब शोधायला लागत नाही.

म्हणून अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये जाण्याआधी एवढंच शोधा: बिल कशावर निघतं, फेरीवर, टनावर, की महिन्यावर? आणि कंत्राटाची मुदत कधी संपते? तुमचा प्रस्ताव नव्या निविदेच्या आधी पोचला पाहिजे. निविदा निघाल्यावर तो फाइलला लागतो, एवढंच.

न दिसणारं बिल: डेपो

आता मघाचा ५ टक्क्यांचा आकडा पुन्हा बघा. विल्हेवाट इतकी स्वस्त का? कारण वर्षानुवर्षं आपण विल्हेवाट लावलीच नाही, नुसता ढीग लावला. जागा सरकारी आणि वास शेजारच्या गावाला, त्यामुळे हिशेबात खर्च शून्य.

तो खर्च नंतर येतो, आणि एकदम येतो. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर पडला. तिथल्या ग्रामस्थांची पाण्यासाठी, वासासाठी, आगींसाठी आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या गेल्या, आणि शेवटी तोच जुना ढीग उपसून, चाळून, वेगळा करण्यावर पैसे खर्च करावे लागले. याला बायोमायनिंग म्हणतात. आज राज्यातल्या अनेक नगरपालिका हेच करत आहेत.

आपल्या उदाहरणात मोजू. रोज ६.७५ टन कमी, म्हणजे वर्षाला सुमारे २,४६४ टन. ओला कचरा कुजून घटतो, म्हणून त्याच्या निम्मेच धरा: १,२३२ टन. पुढे तो चाळायला टनाला ६०० रुपये लागणार असं समजा. झाले सुमारे ७.४ लाख रुपये. डिझेलची वर्षाची बचत होती २.४३ लाख. म्हणजे खरी मोठी बचत डेपोत आहे. ती आजच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकंच. नगरपालिकेशी बोलताना हा आकडा तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा.

ब्रिटनने हाच न दिसणारा खर्च दिसेल असा केला. १९९६ मध्ये तिथे जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर टनामागे ७ पौंड कर लावला. तो वाढत वाढत एप्रिल २०२५ मध्ये १२६.१५ पौंड झाला. तिथे एक टन वेगळा काढला की पालिकेचे किती पैसे वाचले, हे दुसऱ्या दिवशी कागदावर दिसतं. आपल्याकडे ते इतकं सहज दिसत नाही. त्यामुळे पटवून देण्याचं काम तुमच्यावर पडतं.

न्यूयॉर्कला काय शिकायला मिळालं

अर्धवट मोहीम महाग कशी पडते, याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्क आहे. जुलै २००२ मध्ये शहर आर्थिक अडचणीत असताना महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी प्लास्टिक आणि काच वेगळी गोळा करणं थांबवलं. कारण सरळ होतं: हे परवडत नाही. पण झालं असं की उरलेला सुका कचरा गोळा करणाऱ्या गाड्या अर्ध्या रिकाम्या फिरू लागल्या आणि टनामागचा खर्च वाढला. दुसरीकडे शहराचा मोठा डेपो, फ्रेश किल्स, २००१ मध्येच बंद झाला होता. त्यामुळे बाकीचा कचरा शहराबाहेर पाठवण्याचं बिल चढत होतं. जुलै २००३ मध्ये प्लास्टिक आणि एप्रिल २००४ मध्ये काच पुन्हा सुरू झाली.

पुढे शहराने माल घेणाऱ्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला. मुदत लांब असल्यामुळेच कंपनीने ब्रुकलिनमध्ये मोठा प्रकल्प उभा केला. मित्रांनो, ११ महिन्यांच्या करारावर कोणी ४० लाखांचं मशीन घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

पुण्याने कचरावेचकांबरोबर काय केलं

आता घरी येऊ. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच अख्खा माल आहे! या संघटनेने महापालिकेला एक मुद्दा पटवला. आमच्या बायका रोज टनावारी भंगार वेचतात, तेवढा कचरा तुमच्या गाड्यांना वाहावा लागत नाही, म्हणजे आम्ही तुमचे पैसे वाचवतो. महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली, पुढे वैद्यकीय विम्याचा हप्ताही भरला. वाचलेल्या खर्चाची ती पहिली पावती म्हणा.

२००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. पद्धत अशी: सभासद दारातून ओला आणि सुका कचरा घेतात. घरटी दरमहा ठरावीक शुल्क मिळतं. सुका माल निवडून विकतात, ते पैसे त्यांचे. महापालिका निवडायला जागा आणि इतर मदत देते.

उद्योजकाच्या नजरेने बघा. उत्पन्नाचे दोन पाय आहेत, शुल्क आणि भंगार. एक लंगडा झाला तर दुसऱ्यावर महिना निघतो. आणि महापालिकेला सर्वात महागडं काम, म्हणजे दारोदार गोळा करणं, स्वतःच्या गाड्या आणि पगारी माणसं लावून करण्यापेक्षा स्वस्तात पडतं. म्हणजे इथली बचत नुसत्या रिसायकलिंगची नाही. गोळा करणं आणि निवडणं एकाच हातात आल्याची आहे.

कोकणात वेंगुर्ल्याचं उदाहरण आहे. जेमतेम १२ हजार वस्तीचं गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा दारातच वेगळा घेतला जाऊ लागला आणि डेपोवर आल्यावर आणखी बारीक निवडला जाऊ लागला. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात, आणि जिथे ढीग होता तिथे लोक बघायला येतील अशी बाग. तिथे ओला आणि सुका दोन्ही एकदम धरले. आपल्या गणितातली तिसरी पायरी हीच.

आता तुमचं गणित

समजा तुम्ही ५०० घरांपासून सुरुवात केली. पुन्हा सांगतो, आकडे उदाहरणाचे आहेत.

चार माणसांच्या घरातून विकाऊ सुका माल महिन्याला ५.४ किलो. ५०० घरांचा २,७०० किलो. सगळा मिसळून सरासरी ८ रुपये किलो धरला तर २१,६०० रुपये. खर्च: दोन माणसं २८,०००, शेडचं भाडं ८,०००, टेम्पोचं डिझेल आणि हप्ता १५,०००. एकूण ५१,०००.

* फक्त भंगारावर: महिन्याला २९,४०० रुपये तोटा.
* घरटी ६० रुपये शुल्क मिळालं तर: ५१,६०० उत्पन्न, ६०० रुपये नफा. म्हणजे जेमतेम बरोबरी.
* हजार घरं झाली, शुल्क तेच: उत्पन्न १,०३,२००. माणसं चार, शेड थोडी मोठी, टेम्पो तोच, डिझेल जास्त, खर्च ८४,०००. नफा १९,२००.
* हजार घरं, पण भंगाराचा भाव ३० टक्के पडला: नफा ६,२४०.

शेवटची ओळ घाबरवण्यासाठी लिहिलेली नाही. २०१८ च्या सुरुवातीला चीनने बाहेरून येणाऱ्या अनेक प्रकारच्या भंगाराला दार बंद केलं आणि जगभर रद्दीचे भाव कोसळले. तुमच्या गल्लीतल्या पुठ्ठ्याचा भाव हजारो किलोमीटरवरच्या निर्णयावर हलतो. म्हणून शुल्क हा पाया, भंगार ही वरकमाई, असा हिशेब ठेवा.

आणखी एक. हे ५.४ किलो तुम्हाला पूर्ण मिळणार नाहीत. वर्तमानपत्रं, लोखंड, चांगल्या बाटल्या लोक आधीच रद्दीवाल्याला विकतात. तुमच्याकडे येणार दुधाच्या पिशव्या, मळका पुठ्ठा, आणि चिप्सची पाकिटं. या पाकिटांना भंगारवाला हात लावत नाही. ती सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळायला पाठवायची तर गाडीभाडं कोण देणार, हे करारात आधी लिहून घ्या.

सुरू करण्याआधी या पाच गोष्टी तपासा

१. तुमच्या आधी तिथे कोण आहे? तुमच्या वॉर्डात कचरावेचक महिला आहेतच. तुम्ही घराघरांतला चांगला माल उचललात, तर पहिली चूल त्यांची बंद होते. त्यांना कामावर घ्या, भागीदार करा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. आणि धंद्याच्या दृष्टीने बघा, माल ओळखणारा त्यांच्याइतका तयार माणूस तुम्हाला मिळणार नाही.

२. ओल्याचं काय करणार? त्याच नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्यावर ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. खताची टाकी बसवणं आणि दरमहा सांभाळणं, ही स्वतंत्र सेवा आहे, तिचे पैसे सोसायटी देते. पुण्यात गांडूळखत, पाऊसपाणी साठवण, सौर ऊर्जा यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. तुमच्या गावात अशी सवलत असेल तर ती तुमची विक्रीची ओळ आहे.

३. माल घेणारा कोण? किमान दोन होलसेलवाल्यांकडून भाव घ्या. ओल्या, मळक्या मालाच्या वजनात किती कापतात ते विचारा. दोन महिन्यांचे भाव वहीत लिहा, मग प्रोजेक्ट रिपोर्ट करा.

४. जागा कोणाची? निवडायला शेड नगरपालिकेकडून मिळाली तर वरच्या गणितात महिन्याला ८ ते १० हजार वाचतात. रोख पैशापेक्षा शेड, वीज आणि पाणी मागा. अधिकाऱ्यांना ते देणं सोपं जातं.

५. मोजमाप कुठे आहे? पहिल्या दिवसापासून वजनाची वही ठेवा. तारीख, घरं, किलो. सहा महिन्यांनी हीच वही तुमचा पुरावा. "साहेब, एवढा माल डेपोवर गेला नाही" हे वाक्य वहीशिवाय बोलू नका.

तर शेवटी उत्तर काय?

लोकांना कचरा वेगळा करायला लावल्याने शहराचा खर्च कमी होतो, पण तीन अटींवर. ओला आणि सुका दोन्ही धरले पाहिजेत. वेगळा झालेला माल शेवटपर्यंत वेगळा राहिला पाहिजे. आणि कमी झालेल्या कचऱ्याप्रमाणे फेऱ्या, कंत्राट, डेपो हेही खरोखर कमी झाले पाहिजेत. यातली एक अट सुटली तर मोहीम होते, फोटो होतात, खर्च मात्र तसाच राहतो.

आणि तुमच्यासाठी: नगरपालिकेच्या बचतीवर धंदा उभा करू नका. धंदा घरांच्या शुल्कावर आणि सोसायट्यांच्या सेवेवर उभा करा. मग बचतीचा हिशेब हातात घेऊन नगरपालिकेकडे जा. तेव्हा तुम्ही मागणारे नसता, सौदा करणारे असता.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावात रोज किती टन कचरा निघतो, डेपोच्या किती फेऱ्या होतात, आणि बिल कशावर निघतं? तीन आकडे. आरोग्य विभागात जाऊन विचारा, नाही सांगितलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आकडे मिळाले की कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच एका गावाचं गणित आपण सगळे मिळून सोडवू.